कोकणचे गांधी आप्पासाहेब पटवर्धन : लोकसेवेचे शास्त्र शिकविणारा कर्मयोगी

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत दरवर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र द्यावे, असा प्रघात आहे. आजवर ही चरित्रे बहुधा आपल्याच समाजातील कर्त्या पुरुषांची व स्त्रियांची असत. यंदा आम्ही तो प्रघात जाणूनबुजून थोडासा मोडीत आहो. ज्यांचा परिचय येथे करून देत आहो, ते आपल्या ज्ञातीचे नव्हते आणि त्यांचा जन्मही मालवणच्या किनाऱ्यावर झालेला नव्हता. तथापि ज्या गड नदीचे पाणी पुढे कालावलच्या खाडीतून आपल्या समुद्रास मिळते, तिच्याच काठी, कणकवलीनजीक वागदे येथे, त्यांनी आपल्या आयुष्याची शेवटची दोन तपे वेचली. कोकणच्या लोकांनी त्यांना कोकणचे गांधी म्हटले. सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन उर्फ आप्पासाहेब, हे ते नाव होय.

या निवडीमागे आमचा एक हेतू आहे. आपली संस्था शिष्यवृत्त्या देते, आजाऱ्यांस साहाय्य करते, अडल्यानडल्या कुटुंबाच्या पाठीशी उभी राहते. या कामास सद्‌बुद्धीची माणसे लाभतात, वर्गणीही जमते. परंतु लोकसेवा ही शिकून घ्यावयाची विद्या आहे, तिला गुरू लागतो, सराव लागतो, हिशेब लागतो, ही जाणीव आपणांत अद्याप रुजलेली नाही. नवा कार्यकर्ता निवडून येतो, वर्षभर चाचपडतो, आणि काम कळू लागते तोच त्याची मुदत संपते. अशा वेळी, ज्याने सेवेचे काम हाताने शिकून घेतले आणि इतरांस शिकविले, त्याचे चरित्र आपणांस उपयोगी पडेल असे आम्हांस वाटले.

आप्पासाहेबांचा जन्म ४ नोव्हेंबर १८९४ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील आगरगुळे येथे झाला. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा त्या काळी अस्तित्वात नव्हता. सावंतवाडी संस्थानचा मुलूख सोडला तर हा सारा प्रदेश रत्नागिरी जिल्ह्याचाच दक्षिण भाग होता, आणि १ मे १९८१ रोजी तो स्वतंत्र जिल्हा झाला. आप्पासाहेब बुद्धीने तल्लख होते व उच्च शिक्षण घेतलेले होते. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांच्यापुढे मानाची व पगाराची वाट उघडी होती. त्यांनी ती सोडली, महात्मा गांधींच्या सहवासात काही काळ काढला आणि मग आपल्या कोकणात येऊन खादी, राष्ट्रीय शिक्षण व अस्पृश्यतानिवारण या कार्यांस वाहून घेतले. गांधीजींच्या आत्मकथेचा मराठी अनुवाद त्यांनीच केला. ज्या ग्रंथात एका माणसाने आपल्या चुकांसह स्वतःवर केलेले प्रयोग मांडले आहेत, तो ओळीओळीने मराठीत उतरविताना अनुवादकाच्या मनावरही त्याचा ठसा उमटला असेल, यात नवल नाही. आप्पांचे पुढील सारे आयुष्य प्रयोगाचेच होते.

लोकसेवकास शिक्षण हवे, हा विचार महाराष्ट्रास त्यापूर्वीच सुचला होता. नामदार गोखले यांनी १९०५ मध्ये पुणे येथे भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा सभासदांसाठी पाच वर्षांच्या उमेदवारीची शिस्त घातली. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढून गिरणगावातील कामगारवस्तीत संघटित सेवेचा पाया घातला. १९३६ मध्ये मुंबईतच समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण देणारी सर दोराबजी टाटा यांच्या नावाची शाळा निघाली आणि सेवेला विद्यापीठीय शास्त्राचे रूप येऊ लागले. आप्पासाहेबांची वाट या तिन्हींहून वेगळी होती. त्यांचे विद्यालय शौचकूप, मेलेले जनावर आणि गुरांचा गोठा येथे भरले. समाजाने जे काम सर्वांत हलके ठरविले, तेच त्यांनी पहिला धडा म्हणून निवडले.

या निवडीची कसोटी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात लागली. आप्पासाहेब तेथे राजबंदी होते. मैलासफाईचे काम आपणांस द्यावे, अशी त्यांनी मागणी केली. तुरुंगाच्या नियमांप्रमाणे ते काम ठराविक जातीच्या कैद्यांनीच करावयाचे होते. उच्चवर्णीय कैद्यास ते देता येणार नाही, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. आप्पांनी अन्नाचा त्याग आरंभिला. ही वार्ता येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींना कळली, तेव्हा त्यांनीही ३ डिसेंबर १९३२ रोजी सहानुभूतीचे उपोषण सुरू केले. सरकारने प्रश्नाचा विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर ते लवकरच सुटले आणि पुढे तो नियमही शिथिल झाला. एरव्ही कैदी कष्ट टाळण्यासाठी अन्न सोडतो. येथे एका विद्वान ब्राह्मणाने घाणीचे काम मिळावे म्हणून अन्न सोडले. जातीने नेमून दिलेले काम हा सरकारी नियमही असू शकतो, हे या प्रसंगाने उघडे पडले.

गांधीजींच्या निधनानंतर, त्याच १९४८ साली, कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभा राहिला. नावाप्रमाणेच गोसेवा हा तेथील एक आधार. त्याच्या जोडीस शेती, मेलेल्या जनावरांचे कातडे सोडविणे व कमावणे, आणि मैल्यापासून खत करणे ही कामे आली. या सर्व कामांत एकच सूत्र होते. गावात जे टाकाऊ म्हणून फेकले जाते, आणि जे उचलणाऱ्या माणसासही गाव टाकाऊ मानतो, त्यातून संपत्ती निर्माण करावयाची. ती संपत्ती डोळ्यांस दिसली की कामाची व माणसाची किंमत बदलते, असा त्यांचा विश्वास होता.

त्यांचा सर्वांत गाजलेला प्रयोग सोप्या संडासाचा. गोपुरी संडास या नावाने तो पुढे दूरवर ओळखला गेला. त्याची रचना सांगण्यासारखी आहे. दोन कप्पे बांधावयाचे व एका वेळी एकच वापरात ठेवावयाचा. प्रत्येक वापरानंतर मैल्यावर माती व पालापाचोळा टाकावयाचा. एक कप्पा भरला की तो बंद करून दुसरा सुरू करावयाचा. दुसरा भरेतोपर्यंत पहिल्यातील मैला कुजून त्याचे मातीसारखे खत होते. त्यास दुर्गंधी उरत नाही, आणि ते कोणाही माणसास फावड्याने काढता येते. आपल्या जुन्या शेतकऱ्यांनी या खतास सोनखत असे सार्थ नाव दिले आहे. ज्या जिल्ह्यात वर्षास तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो आणि पावसाळ्यात साधा खड्डा पाण्याने भरून जातो, तेथे अशा बांधीव कप्प्यांची सोय विशेष आहे, हे किनाऱ्यावरील वाचकांस समजावून सांगावयास नको. यापुढे जाऊन शेणाच्या आणि मैल्याच्याही गॅसचे प्रयोग गोपुरीत झाले.

या संडासाचे खरे महत्त्व मात्र त्याच्या बांधणीपलीकडे आहे. टोपलीने मैला उचलण्याची प्रथा बंद व्हावी असे म्हणणारे पुष्कळ होते. परंतु टोपली खाली ठेवल्यावर मैल्याचे काय करावयाचे, याचे उत्तर मिळेपर्यंत ते म्हणणे केवळ सदिच्छाच राहते. आप्पांनी प्रथम ते काम स्वतः केले. त्यातील घाण, दगदग आणि अपमान स्वतः जाणून घेतला. मग त्या कामाची गरजच उरू नये अशी रीत शोधली. सेवेच्या विद्येचा हाच क्रम आहे असे आम्हांस वाटते. ज्याचे दुःख दूर करावयाचे त्याच्या कामात हात घालावा, मग विचार करावा, मग उपाय लहान प्रमाणावर करून पाहावा, आणि तो इतका सोपा करावा की दुसऱ्यास तो आपल्या वाडीत उभारता येईल.

आपल्या किनाऱ्यावरील माणसास हे दूर जाऊन शिकावयास नको. रापण ओढताना दोर हातात घेतल्यावाचून ओढ कशी असते ते कळत नाही. रापणीत प्रत्येकजण आपले जाळे वा आपले श्रम घालतो, दोर सारे मिळून ओढतात आणि मिळकतीचे वाटे होतात. एकट्याने रापण ओढली असे कधी घडत नाही. संस्थांचे सहकार्यही असेच असावयास हवे.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून हे चरित्र पुरे होणार नाही. मेलेली जनावरे ओढणे व त्यांचे मांस खाणे सोडा, असा उपदेश डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या बांधवांस करीत होते. १९२७ च्या महाड परिषदेपासून ही हाक कोकणात घुमत होती. एकीकडे ज्यांच्यावर काम लादले गेले ते ते टाकून देत होते, आणि दुसरीकडे आप्पासाहेब ते काम आदराने उचलीत होते. या दोन वाटांत विरोध दिसतो, आणि काही अंशी तो होताही. कामाला प्रतिष्ठा दिल्याने ते करावयास भाग पडलेल्या माणसास प्रतिष्ठा मिळतेच असे नाही, ही टीका खोटी म्हणता येणार नाही. परंतु आप्पांनी हे काम त्याच माणसांनी पुढे चालवावे असे सांगितले नाही. ते सर्वांनी वाटून घ्यावे, असे त्यांनी स्वतःच्या जातीस सांगितले, आणि सांगण्यापूर्वी स्वतः केले. सोडणाऱ्याने सोडावे व न करणाऱ्याने करावयास शिकावे, या दोन्ही गोष्टी घडल्या तरच जातीची गाठ सुटते.

विद्या खरी की खोटी, हे ती गुरूच्या अंगणाबाहेर टिकते की नाही यावरून ठरते. पुण्याजवळील देहू गावी डॉ. मापुसकर हे १९५९ पासून सरकारी आरोग्य केंद्रात काम करीत होते. संडास बांधण्याचे त्यांचे पहिले प्रयत्न फसले, तेव्हा त्यांना आप्पासाहेबांचे मार्गदर्शन लाभले. गावकऱ्यांसह त्यांनी संडास उभे केले, आणि पुढे मैल्यापासून गॅस करणाऱ्या संयंत्रांचे काम वाढविले. या कार्यासाठी लोकांस शिक्षण देणारी जी संस्था त्यांनी देहूस काढली, तिला आप्पा पटवर्धन सफाई व पर्यावरण तंत्रनिकेतन असे नाव दिले. डॉ. मापुसकर २०१५ मध्ये निवर्तले व २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. कोकणातल्या एका आश्रमाची रीत देशावरच्या एका वैद्याने उचलली, तीत भर घातली आणि पुढे शिकविली. यात कोणी कोणाची जात विचारली नाही, की कोणाच्या संस्थेचा फलक मोठा हे पाहिले नाही.

आता आपल्या घराकडे वळू या. हाताने मैला वाहून नेण्याची प्रथा १९९३ च्या व पुन्हा २०१३ च्या कायद्याने बंद करण्यात आली. तरीही गटारात व टाकीत उतरून माणसे गुदमरल्याच्या वार्ता आजही वर्तमानपत्रांत येतात. आपल्या घरांमागच्या, कार्यालयांमागच्या टाक्या उपसावयास कोण येतो, त्याच्यासाठी यंत्र असते की नाही, हा प्रश्न आपल्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर आजवर आलेला आमच्या पाहण्यात नाही. तो माणूस आपल्या सभासदांच्या यादीत नाही, एवढेच त्याचे कारण असेल तर ते समाधानकारक नव्हे.

आम्ही कार्यकारी मंडळापुढे तीन सूचना नम्रपणे ठेवीत आहो. एक, नव्याने निवडलेल्या प्रत्येक कार्यकर्त्याने पहिले वर्ष जुन्या कार्यकर्त्याच्या हाताखाली शिकण्यात घालवावे. शिष्यवृत्तीचे अर्ज तपासणे, हिशेब लिहिणे, घरोघर जाऊन माहिती घेणे ही कामे त्याने स्वतः करावीत. दोन, फसलेल्या उपक्रमांचीही नोंद अहवालात असावी, म्हणजे पुढचा माणूस त्याच खड्ड्यात पडणार नाही. तीन, आपल्या वाडीशेजारी ज्या अन्य समाजांच्या संस्था आहेत, त्यांच्याशी मिळून वर्षास निदान एक काम हाती घ्यावे. आरोग्य, स्वच्छता व पाणी यांना ज्ञातीची सीमा नसते. गावची विहीर दूषित झाली तर ती कोणत्याही एका मंडळाच्या निधीने एकट्याने शुद्ध होत नाही.

ज्ञातिसंस्था मोडाव्यात असे आम्ही म्हणत नाही. मुंबईच्या खोल्यांत एकमेकांच्या आधाराने राहिलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना या संस्थांनी उभे केले, हे ऋण आम्ही विसरलेलो नाही. परंतु आधार घेऊन उभा राहिलेला माणूस पुढे चालू लागला पाहिजे.

आप्पासाहेब पटवर्धन १० मार्च १९७१ रोजी कालवश झाले. माझी जीवनयात्रा या नावाने त्यांनी आपले आत्मचरित्र लिहून ठेविले आहे. ज्यांस सवड आहे त्यांनी ते अवश्य वाचावे. कणकवलीवरून जाताना गोपुरीस थोडे थांबावे, मुलांस बरोबर न्यावे, आणि एका विद्वानाने हातात खराटा का घेतला ते त्यांस समजावून सांगावे. त्या कर्मयोग्याच्या स्मृतीस आम्ही समस्त सभासदांच्या वतीने विनम्र अभिवादन करतो.