सुझान लेंग्लेन : हस्तांदोलनानंतर उरलेला सामना

पहिले महायुद्ध संपल्यानंतर १९१९ ते १९२६ या काळात फ्रान्सच्या सुझान लेंग्लेनने एकेरीत केवळ एक सामना गमावला, आणि तोही अर्ध्यावर सोडलेला. विंबल्डनच्या एकेरीची सहा अजिंक्यपदे तिच्या नावावर आहेत. एवढ्या यशाची धनीण असलेली ही खेळाडू अटीतटीच्या सामन्यात ब्रँडीचे घोट घेई आणि विजयानंतर कोसळून रडेही. दडपण तिला स्पर्शत नसे, असे म्हणणे तिच्यावर अन्याय करणारे ठरेल. भीती सोबत घेऊनच ती खेळली.

तिचा जन्म २४ मे १८९९ रोजी पॅरिसमध्ये झाला. लहानपणी ती दम्याने बेजार असे. मुलीची प्रकृती सुधारावी म्हणून वडील शार्ल यांनी १९१० मध्ये तिच्या हाती रॅकेट दिली. कुटुंब हिवाळ्यात नीस येथे राहत असे आणि तिथल्या क्लबात तिचा सराव चाले. मैदानावर एका जागी हातरुमाल पसरायचा आणि सुझानने चेंडू नेमका त्यावर पाडायचा, ही शार्ल यांची रीत. नेम बसू लागला की रुमालाची घडी घालून तो आणखी लहान केला जाई. चुकले की चारचौघांत बोलणी बसत. आज या बापाला आदर्श पालक कोणी म्हणणार नाही. पण त्या रुमालाने तिला एक गोष्ट दिली. समोर कोण आहे, गुण किती झाले, प्रेक्षक काय म्हणतात, याचा विचार बाजूला सारून पुढचा चेंडू कुठे पाडायचा एवढेच पाहण्याची सवय तिच्या अंगात मुरली. पंधरा वर्षे पूर्ण होताच, १९१४ मध्ये, तिने पॅरिसजवळ सेंट क्लाउड येथे झालेली जागतिक हार्ड कोर्ट स्पर्धा जिंकली. त्यानंतर युद्धाची चार वर्षे स्पर्धांविना गेली.

१९१९ मध्ये ती प्रथमच विंबल्डनच्या हिरवळीवर उतरली. अंतिम लढतीत समोर होत्या सात वेळा विजेत्या ठरलेल्या डोरोथिया लँबर्ट चेंबर्स, वय चाळीस. सुझान वीस वर्षांची. राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी सामना पाहायला आलेली. पहिला सेट सुझानने १०-८ असा घेतला, दुसरा चेंबर्सबाईंनी ६-४ ने. कोन्याकमध्ये भिजवलेले साखरेचे खडे शार्ल प्रेक्षकांतून मुलीकडे फेकत होते. तिसऱ्या सेटमध्ये ४-१ अशी आघाडी सुझानने गमावली आणि चेंबर्सबाई ६-५, ४०-१५ अशा पुढे गेल्या. दोन मॅच पॉइंट. पहिल्या वेळी चेंडू रॅकेटच्या लाकडी कडेला लागून कसाबसा जाळ्यापलीकडे पडला. हे निव्वळ दैव होते, ते मान्य केलेच पाहिजे. दुसरा गुण मात्र तिने बॅकहँडच्या फटक्याने वाचवला आणि तो सेट ९-७ असा जिंकला.

या कणखरपणाला तडा गेला तो १९२१ मध्ये अमेरिकेत. लांबच्या सागरी प्रवासानंतर, खोकल्याने हैराण अवस्थेत ती फॉरेस्ट हिल्सला पोहोचली. पहिली प्रतिस्पर्धी खेळलीच नाही, त्यामुळे हात मोकळे होण्याआधीच गाठ पडली ती विजेत्या मोला मॅलरीशी. पहिला सेट २-६ असा गेला. दुसऱ्याच्या आरंभीच डबल फॉल्ट झाला आणि सुझान रडत मैदानाबाहेर पडली. अमेरिकी वृत्तपत्रांनी तिला पळपुटी ठरवले. आजार खरा होता की मन खचले, यावर बराच वाद झाला. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते, हा साधा विचार त्यात मागे पडला. पुढच्याच वर्षी विंबल्डनच्या अंतिम सामन्यात तिने त्याच मॅलरीला ६-२, ६-० असे अर्ध्या तासाच्या आत हरवले.

तिची खरी कसोटी लागली १६ फेब्रुवारी १९२६ रोजी, कान येथील कार्ल्टन क्लबवर. समोर वीस वर्षांची अमेरिकन हेलन विल्स होती. तिच्या चेहऱ्यावरची रेषाही हलत नसे. सामना पाहण्यासाठी लोक शेजारच्या छपरांवर आणि झाडांवर चढले होते. पहिला सेट सुझानने ६-३ असा जिंकला, पण दुसऱ्यात तिची दमछाक दिसू लागली. तरीही ६-५ असताना मॅच पॉइंट आला. विल्सचा फटका कोपऱ्यात पडला, चेंडू बाहेर गेल्याची हाक ऐकू आली आणि दोघींनी हस्तांदोलन केले. छायाचित्रकार आणि चाहते मैदानात घुसले. एवढ्यात रेषापंच लॉर्ड चार्ल्स होप गर्दीतून वाट काढत मुख्य पंच हिलयार्ड यांच्यापर्यंत पोहोचले. हाक त्यांनी दिली नव्हती, प्रेक्षकांतल्या कोणीतरी दिली होती. चेंडू आत पडला होता.

जिंकलेला सामना पुन्हा खेळायचा, यासारखी परीक्षा नाही. सुटकेचा निःश्वास टाकून झालेला असतो, ताठर स्नायू सैलावलेले असतात, आणि मन पुन्हा त्या पातळीवर चढायला तयार नसते. विल्सने तो गेम घेऊन ६-६ अशी बरोबरी साधली. सुझानने हुज्जत घातली नाही. पुढचे दोन्ही गेम जिंकून तिने सेट ८-६ असा संपवला. नंतर बाकावर बसल्यावर, फुलांच्या गराड्यात तिला रडू आवरले नाही.

त्याच उन्हाळ्यात विंबल्डनवर वेळापत्रकाच्या गोंधळामुळे राणी मेरी तिची वाट पाहत राहिली. सुझान उशिरा आली, अधिकाऱ्यांशी खटके उडाले, प्रेक्षक उलटले आणि तिने स्पर्धेतून माघार घेतली. चेंडूशी संबंध नसलेल्या या दडपणावर तिच्यापाशी रुमाल नव्हता. काही महिन्यांतच ती अमेरिकेत व्यावसायिक दौऱ्यावर गेली. हौशी टेनिसच्या नावाखाली क्लब पैसे मिळवतात आणि खेळाडू रिकाम्या हाताने राहतात, ही तिची तक्रार रास्तच होती. पुढे तिने पॅरिसमध्ये टेनिसचे धडे देणारी शाळा चालवली.

४ जुलै १९३८ रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, रक्ताच्या आजाराने तिचे निधन झाले. दोनच दिवस आधी हेलन विल्सने विंबल्डनचे आठवे अजिंक्यपद पटकावले होते. कानमधल्या त्या दुपारनंतर एकेरीत त्या दोघी पुन्हा कधीही समोरासमोर आल्या नव्हत्या.