इस्ट्रोजेन स्वस्त करणारे चार्ल्स डॉड्स

१९३५ सालची गोष्ट. अमेरिकेत सेंट लुइस येथे एडवर्ड डॉइझी यांच्या प्रयोगशाळेत डुकरिणींचे तब्बल चार टन बीजांडकोश आणले गेले आणि त्यांचा अर्क काढण्यात आला. एवढ्या खटाटोपातून हाती लागले जेमतेम बारा मिलिग्रॅम इस्ट्रॅडिऑल. म्हणजे तांदळाच्या एका दाण्याहूनही हलकी पूड. स्त्रीच्या शरीरातले सर्वांत प्रभावी इस्ट्रोजेन ते हेच. पाळी थांबल्यावर अंगाची लाही होणे, योनीमार्ग कोरडा पडून दुखणे, लघवीला जळजळ होणे या तक्रारींवर या संप्रेरकाचा उपयोग होतो, हे तोवर डॉक्टरांच्या लक्षात आले होते. पण असे औषध परवडणार कोणाला?

या प्रश्नाचे उत्तर तीन वर्षांनी लंडनमध्ये मिळाले. ते शोधणाऱ्यांचे प्रमुख होते एडवर्ड चार्ल्स डॉड्स.

डॉड्स यांचा जन्म १३ ऑक्टोबर १८९९ रोजी लिव्हरपूलमध्ये झाला. वडील पादत्राणांच्या व्यापारात. घरात हा एकुलता एक मुलगा. वयाच्या सतराव्या वर्षी त्यांनी लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयाच्या वैद्यकीय शाळेत प्रवेश घेतला. मध्ये महायुद्धामुळे काही काळ सैन्यात गेला, तरी १९२१ मध्ये ते डॉक्टर झाले. मन मात्र वॉर्डापेक्षा प्रयोगशाळेत रमे. पंचविशी ओलांडतात न ओलांडतात तोच ते लंडन विद्यापीठात जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यानंतर मिडलसेक्स रुग्णालयाशेजारी, कापड उद्योगातील कोर्टॉल्ड घराण्याच्या देणगीतून कोर्टॉल्ड इन्स्टिट्यूट ऑफ बायोकेमिस्ट्री उभी राहिली आणि तिची सूत्रे त्यांच्याकडे आली. पुढची सगळी कारकीर्द त्याच आवारात गेली.

त्यांच्या कामाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. एखाद्या पदार्थात इस्ट्रोजेनचा गुण आहे की नाही, हे तेव्हा रक्त तपासून कळत नसे. त्यासाठी १९२३ मध्ये अमेरिकेत एडगर अ‍ॅलन आणि डॉइझी यांनी बसवलेली एक चाचणी होती. उंदरिणीचे बीजांडकोश काढून टाकायचे. मग तिच्या योनीमार्गाचे अस्तर पातळ आणि निर्जीव होत जाते. अशा उंदरिणीला तपासायचा पदार्थ द्यायचा आणि दोन-तीन दिवसांनी अस्तरातल्या पेशी काचेच्या पट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. पेशी पुन्हा जाड आणि चपट्या झाल्या, तर पदार्थात इस्ट्रोजेनचा गुण आहे असे ठरायचे. म्हणजे इस्ट्रोजेन मोजण्याची पहिली फूटपट्टी हे योनीमार्गाचे अस्तरच होते. शरीरातला हा भाग इस्ट्रोजेनवर किती अवलंबून आहे, याचा याहून चांगला पुरावा शोधून सापडणार नाही.

डॉड्स आणि त्यांचे सहकारी विल्फ्रिड लॉसन यांनी ही फूटपट्टी घेऊन एकामागून एक कृत्रिम रसायने तपासायला घेतली. कल्पना अशी, की नैसर्गिक संप्रेरकाची चार कड्यांची किचकट रचना जशीच्या तशी हवी असे नाही. त्याचे काम करणारे एखादे सोपे रसायनही असू शकेल. तपासलेल्या रसायनांत बिस्फेनॉल ए हेही होते. त्याचा गुण सौम्य निघाला, म्हणून औषध म्हणून ते बाजूला पडले. पुढे प्लास्टिकच्या बाटल्यांमुळे आणि डब्यांच्या आतल्या लेपामुळे जगभर ज्याची चर्चा झाली ते हेच ‘बीपीए’. त्यात इस्ट्रोजेनचा गुण आहे, हे १९३६ मध्येच छापून आले होते.

एकदा चांगलीच फजितीही झाली. अ‍ॅनॉल नावाचे साधे रसायन फार प्रभावी असल्याचे या गटाने जाहीर केले. पण इतर प्रयोगशाळांना तो परिणाम मिळेना. शोध घेतल्यावर कळले, की गुण अ‍ॅनॉलचा नव्हता, तयार करताना त्यात राहून गेलेल्या अशुद्ध पदार्थाचा होता. डॉड्स यांनी ही चूक झाकून ठेवली नाही. त्या अशुद्ध पदार्थाची रचना कशी असेल याचा माग काढत ते पुढे गेले. ऑक्सफर्डचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या गटाशी हातमिळवणी झाली आणि ५ फेब्रुवारी १९३८ रोजी ‘नेचर’मध्ये एक छोटे पत्र प्रसिद्ध झाले. त्यात ज्या नव्या रसायनाची माहिती होती, त्याचे नाव स्टिलबेस्ट्रॉल, पुढे डीईएस. तोंडाने घेतले तरी त्याचा जोरदार परिणाम होई. इंजेक्शनची गरज नव्हती, जनावरांच्या बीजांडकोशांचीही नाही.

या शोधाचे पेटंट घेतले गेले नाही. संशोधनाला ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचा पैसा होता, आणि सार्वजनिक पैशातून निघालेले औषध कोणाच्या मालकीचे नसावे असे कौन्सिलचे धोरण होते. कृती छापलेली होती, कच्चा माल स्वस्त होता. कोणतीही कंपनी औषध बनवू शकत होती आणि भराभर त्या बनवू लागल्या. अमेरिकेत अनेक कंपन्यांनी मिळून एकत्रित माहिती सादर केली आणि १९४१ मध्ये तिथे परवानगी मिळाली. ज्या चार कारणांसाठी ती मिळाली, त्यांत रजोनिवृत्तीच्या तक्रारी होत्या आणि योनीमार्गाचे अस्तर झिजून होणारा दाहही होता. ज्या औषधासाठी टनावारी बीजांडकोश लागत, ते आता सामान्य घरातल्या बाईलाही परवडू लागले.

इस्ट्रोजेन आणि स्तनाचा कर्करोग यांचे नाते डॉड्स यांच्या आधीपासून संशयाचे होते. ग्लासगोचे शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्येच दाखवले होते, की बीजांडकोश काढल्यावर काही तरुण स्त्रियांच्या स्तनातल्या गाठी आक्रसतात. पॅरिसमध्ये आंत्वान लाकासान्य यांनी १९३२ मध्ये इस्ट्रोजेनची इंजेक्शने देऊन उंदरांच्या नरांमध्येही स्तनाचा कर्करोग घडवून दाखवला. स्टिलबेस्ट्रॉल आल्यावर त्यांनी तेही तपासले. निष्कर्ष तसाच आला. असे असताना १९४४ मध्ये लंडनमध्ये अलेक्झांडर हॅडो आणि सहकाऱ्यांनी वेगळेच काही नोंदवले. पाळी थांबून बरीच वर्षे झालेल्या काही स्त्रियांचा पसरलेला स्तनाचा कर्करोग कृत्रिम इस्ट्रोजेनच्या मोठ्या मात्रेने उलट आक्रसला होता. टॅमॉक्सिफेन येईपर्यंत, म्हणजे पुढची जवळजवळ तीस वर्षे, अशा रुग्णांसाठी स्टिलबेस्ट्रॉल हे नेहमीचे औषध होते. टॅमॉक्सिफेनची रासायनिक चौकट पाहिली तर तेही स्टिलबेस्ट्रॉलच्याच भावकीतले. इस्ट्रोजेन कर्करोगाला खतपाणी घालते की मारते, याचे एका शब्दात उत्तर तेव्हाही नव्हते. कोणाला, किती आणि कधी, हे त्यात आलेच.

हेच भान गर्भवतींच्या बाबतीत सुटले. हार्वर्डशी संबंधित ऑलिव्ह आणि जॉर्ज स्मिथ या दांपत्याने गर्भपात टाळण्यासाठी स्टिलबेस्ट्रॉल देण्याची पद्धत सुचवली. सातव्या आठवड्यात रोज पाच मिलिग्रॅमपासून सुरुवात करायची आणि वाढवत वाढवत पस्तिसाव्या आठवड्यात रोज १२५ मिलिग्रॅमपर्यंत न्यायचे. डॉड्स यांनी सहकाऱ्यांसह १९३८ मध्येच प्रसिद्ध केले होते, की प्राण्यांना गर्भारपणाच्या सुरुवातीला अशी इस्ट्रोजेन दिल्यास गर्भ टिकत नाही. तिकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. शिकागोत गर्भवतींचे दोन गट करून तुलना झाली आणि १९५३ मध्ये औषधाचा काही उपयोग नसल्याचे दिसले. तरीही ते दिले जात राहिले. औषध स्वस्त होते, बनवणाऱ्या कंपन्या भरपूर होत्या आणि ते थांबवण्याची कोणाला घाई नव्हती. त्या काळात कोंबड्या आणि गुरे लठ्ठ करायलाही तेच वापरले गेले.

२२ एप्रिल १९७१ रोजी बॉस्टनच्या आर्थर हर्बस्ट आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. योनीमार्गाचा अत्यंत दुर्मीळ कर्करोग झालेल्या आठ तरुणींची त्यात माहिती होती. त्यांपैकी सात जणींच्या आयांनी गर्भारपणात स्टिलबेस्ट्रॉल घेतले होते. मुलींपैकी बहुतेकींची विशीही उलटली नव्हती. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गर्भवतींना हे औषध देऊ नये असे बजावले. पुढे हेही दिसले, की त्या आयांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण इतर स्त्रियांपेक्षा काहीसे जास्त आहे.

डॉड्स तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते. १९४२ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, १९५४ मध्ये ‘सर’, १९६२ ते १९६६ रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचे अध्यक्षपद, १९६४ मध्ये बॅरोनेट असे सारे मानसन्मान मिळून झाले होते. १६ डिसेंबर १९७३ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. गर्भवतींना औषध देण्याची कल्पना त्यांची नव्हती. पण ते ज्यांच्या हाती पडेल त्यांच्यावर कोणाचे नियंत्रण राहणार नाही, ही पेटंट नसण्याची दुसरी बाजू त्यांच्या हयातीतच उघड झाली.

स्टिलबेस्ट्रॉल आता मागे पडले आहे. मात्र ‘इस्ट्रोजेन’ या शब्दाभोवतीची भीती उरली आहे आणि ती सर्वांत जास्त भेडसावते स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या स्त्रियांना. अशा रुग्णांना पुढे पाच-दहा वर्षे लेट्रोझोल किंवा अ‍ॅनॅस्ट्रोझोलसारखी गोळी दिली जाते. रजोनिवृत्तीनंतर शरीरातल्या चरबीत जे थोडेफार इस्ट्रोजेन तयार होते, तेही ती बंद करते. कर्करोग परतू नये म्हणून ते गरजेचे असते. पण योनीमार्गाच्या अस्तराचे मग डॉड्स यांच्या उंदरिणींसारखेच होते. कोरडेपणा, संबंधांच्या वेळी वेदना, रक्त येणे, वारंवार लघवीचा संसर्ग. बसायला, चालायलाही त्रास होतो. लाजेपोटी हे सांगितले जात नाही, आणि सहन न होऊन काही जणी कर्करोगाची गोळीच परस्पर सोडून देतात, जे जास्त धोक्याचे आहे.

अशा वेळी आधी हार्मोन नसलेली मॉइश्चरायझर आणि वंगण जेल वापरून पाहतात. त्यांनी भागले नाही, तर योनीमार्गात ठेवायचे कमी मात्रेचे इस्ट्रोजेन हा पर्याय असतो. मात्रेतला फरक इथे पाहण्यासारखा आहे. योनीमार्गात ठेवायची इस्ट्रॅडिऑलची आजची छोटी गोळी दहा मायक्रोग्रॅमची असते आणि सुरुवातीचे दोन आठवडे सोडले तर आठवड्यातून दोनदा वापरतात. रसायने वेगळी आहेत, तरी नुसत्या वजनाचा हिशेब केला, तर स्मिथ पद्धतीतल्या शेवटच्या एका दिवसाच्या मात्रेत अशी गोळी एकशे वीस वर्षे पुरेल. अस्तर एकदा जाड झाले, की रक्तात उतरणारे प्रमाणही कमी होते.

ब्रिटनमध्ये स्तनाचा कर्करोग झालेल्या सुमारे ४९ हजार स्त्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या. योनीमार्गातील इस्ट्रोजेन वापरणाऱ्यांमध्ये त्या कर्करोगाने होणारे मृत्यू वाढलेले दिसले नाहीत. डेन्मार्कमधल्या आठ हजारांहून अधिक स्त्रियांच्या २०२२ मधील अभ्यासातही एकूण धोका वाढला नव्हता. मात्र लेट्रोझोलच्या गटातली गोळी चालू असणाऱ्यांमध्ये कर्करोग परतण्याचे प्रमाण काहीसे जास्त आढळले, मृत्यूचे नाही. त्यामुळे ही गोळी घेणाऱ्या स्त्रीने कर्करोगतज्ज्ञाशी बोलल्याशिवाय इस्ट्रोजेन सुरू करू नये. काही वेळा डॉक्टर आधी गोळी बदलून टॅमॉक्सिफेन देण्याचा विचार करतात, कारण ते स्तनाच्या पेशींपर्यंत इस्ट्रोजेनचा परिणाम पोहोचू देत नाही. दुकानातून परस्पर क्रीम आणणे किंवा मैत्रिणीची ट्यूब वापरणे यात नेमकी हीच विचारपूस राहून जाते.

पैशाचा प्रश्नही पुन्हा आलाच. इस्ट्रॅडिऑल हे रसायन कोणाच्या मालकीचे नाही. पण ते हळूहळू सोडणारी रिंग, ठरावीक मात्रेची गोळी, ती आत ठेवायची नळी यांचे हक्क कंपन्यांनी नव्याने घेतले. अमेरिकेत जुन्याच संप्रेरकासाठी बायकांना भारी किंमत मोजावी लागली ती यामुळे. डॉड्स यांच्या इंग्लंडमध्ये एप्रिल २०२३ पासून दोन प्रिस्क्रिप्शनच्या शुल्कात वर्षभराची रजोनिवृत्तीची हार्मोन औषधे मिळतात आणि त्यांत योनीमार्गातील इस्ट्रोजेनही आहे. त्याआधी, २०२२ मध्ये, दहा मायक्रोग्रॅमची गोळी पन्नाशी ओलांडलेल्या आणि पाळी थांबून वर्ष झालेल्या स्त्रियांना चिठ्ठीशिवाय, फार्मासिस्टशी बोलून विकत घेण्याची मुभा मिळाली. पूर्वी स्तनाचा कर्करोग झाला होता का, हे मात्र दुकानात विचारले जाते. उत्तर होय आले, तर गोळी न देता डॉक्टरकडे जायला सांगतात.