आयडा वेल्स आणि स्टेट स्ट्रीटवरचं वाचनालय

वस्तीतली पोरं बिघडली अशी ओरड झाली की उपाय ठरलेला असतो. रात्रीची गस्त वाढवा, नाक्यावर उभ्या असलेल्यांना हटका, नावं लिहून घ्या, सणाच्या आधी चार जणांना बोलावून बसवून ठेवा. आम्ही वस्त्यांमधल्या तरुणांसोबत काम करतो, त्यामुळे हे दरवर्षी पाहतो. शंभर वर्षांहून आधी अमेरिकेतल्या शिकागो शहरात एका काळ्या बाईने या प्रश्नाकडे नेमकं उलट्या बाजूने पाहिलं. आयडा बी. वेल्स. झुंडबळींविरुद्ध लढलेल्या पत्रकार म्हणून आपल्यातल्या काहींना त्या माहीत असतील. तरुणांसाठी त्यांनी केलेलं काम मात्र फारसं कुणी सांगत नाही.

त्यांचा जन्म १६ जुलै १८६२ चा, मिसिसिपी राज्यातल्या होली स्प्रिंग्जचा. आईवडील गुलाम होते, म्हणजे जन्मतः आयडाही गुलामच. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली आणि त्याच वर्षी मिसिसिपीने नवे कायदे केले. बिनकामाचा दिसलेला काळा माणूस भटक्या ठरवून पकडायचा, दंड भरता आला नाही तर त्याला गोऱ्याच्या शेतावर राबायला द्यायचं. काळ्यांची अठरा वर्षांखालची अनाथ किंवा गरीब मुलं कामाला बांधून द्यायची, आणि त्यांचा पहिला हक्क जुन्या मालकाला. मुलांना वळण लावण्याच्या नावाखाली हे चाललं होतं. आपल्याकडे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला, त्यातली हजेरी आणि पास आठवला तर वेगळं समजावून सांगायला नको.

१८७८ च्या पीतज्वराच्या साथीत आईवडील आणि एक लहान भाऊ गेले. सोळा वर्षांच्या आयडाने भावंडांची ताटातूट होऊ दिली नाही. शिक्षिकेची नोकरी धरली आणि घर चालवलं. पुढे मेम्फिसला आल्या. १८८४ मध्ये तिकीट असताना रेल्वेच्या महिला डब्यातून त्यांना ओढून बाहेर काढलं. कंडक्टरच्या हाताला चावून त्यांनी प्रतिकार केला, मग खटला भरला आणि जिंकला. पाचशे डॉलर भरपाई मिळाली. १८८७ मध्ये टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. १८९१ मध्ये काळ्या मुलांच्या शाळांच्या दुरवस्थेवर लिहिलं म्हणून नोकरीही गेली.

१८९२ ची घटना नीट पाहायला हवी, कारण तिची सुरुवात पोरांच्या भांडणातून झाली. मेम्फिसच्या एका भागात काळ्यांनी मिळून चालवलेलं पीपल्स ग्रोसरी नावाचं दुकान होतं. समोरच्या गोऱ्या दुकानदाराचं गिऱ्हाईक त्यामुळे तुटत होतं. दुकानाबाहेर काळी आणि गोरी मुलं गोट्या खेळत होती, तिथे भांडण झालं, त्यात मोठी माणसं पडली. प्रकरण चिघळत गेलं आणि शेवटी टॉमस मॉस, कॅल्विन मॅकडॉवेल आणि विल स्टुअर्ट या तिघांना जमावाने तुरुंगातून बाहेर काढून गोळ्या घातल्या. मॉस हे वेल्स यांचे जवळचे मित्र होते. गोट्यांचं भांडण कुठल्या मुलांचं आहे यावर त्याचा गुन्हा होतो की नाही हे ठरतं, हे आपल्यातल्या कुणाला पटणार नाही?

त्यांनी आपल्या वृत्तपत्रातून काळ्यांना मेम्फिस सोडून जायला सांगितलं, झुंडबळींची एकेक हकीकत तपासून छापली. मे महिन्यात त्यांच्या छापखान्याची मोडतोड झाली. त्या तेव्हा शहराबाहेर होत्या म्हणून वाचल्या. १८९३ मध्ये कॅथरीन इम्पी या इंग्लिश बाईंनी त्यांना ब्रिटनला भाषणांसाठी बोलावलं. इम्पी चालवत असलेल्या मासिकाचं नाव होतं 'अँटी-कास्ट', म्हणजे जातविरोधी. वंशभेदाला जातीचं नाव देण्याची ही गोष्ट बरीच जुनी आहे. १८९५ मध्ये वकील फर्डिनंड बार्नेट यांच्याशी लग्न करून वेल्स शिकागोत स्थायिक झाल्या.

त्या काळी अमेरिकेत गावोगावी संचारबंदीची टूम निघाली होती. संध्याकाळी घंटा वाजली की मुलांनी रस्त्यावरून घरी जायचं, नाहीतर पोलीस धरणार. पण ज्याला घरच नाही त्याने कुठे जायचं? दक्षिणेतून कामासाठी आलेले काळे तरुण शिकागोच्या स्टेट स्ट्रीटवर उतरत. वायएमसीएसारख्या संस्थांची वसतिगृहं त्यांना बंद होती. रात्री त्यांच्यासाठी उघडे असायचे ते दारूचे गुत्ते, जुगाराचे आणि पूल खेळण्याचे अड्डे. तिथे गेले की पोलीस होतेच.

ऑगस्ट १९०८ मध्ये लिंकनच्या स्प्रिंगफिल्ड गावात काळ्यांविरुद्ध दंगल झाली. वेल्स रविवारी चर्चमध्ये तरुणांचा वर्ग घेत. त्या वर्गात दंगलीवर चर्चा झाली आणि त्यातून मुलं त्यांच्या घरी जमू लागली. तिथून निग्रो फेलोशिप लीग उभी राहिली. पुढे एका मेजवानीत शिकागोतल्या गुन्ह्यांत काळ्यांचा वाटा किती मोठा आहे याचे आकडे मांडले गेले. वेल्स यांनी आकडे खोटे आहेत असं म्हटलं नाही. शहरातली कोणकोणती दारं या तरुणांना बंद आहेत ते त्यांनी सांगितलं. तिथे वृत्तपत्राचे मालक व्हिक्टर लॉसन यांच्या पत्नी होत्या. लॉसन वायएमसीएला देणग्या देत, आणि तिथे काळ्यांना प्रवेश नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं. मग त्यांनी लीगला पैसे दिले.

१९१० मध्ये स्टेट स्ट्रीटवरच लीगची जागा सुरू झाली. खाली वाचनालय, वर झोपण्याची सोय, सोबत काम शोधून देणारं कार्यालय. जागा मुद्दाम तिथे घेतली होती, गुत्त्यांच्या शेजारी. यावरून शिकलेल्या, बऱ्या घरच्या काळ्या मंडळींनी नाक मुरडलं. त्या बदनाम रस्त्यावर यायला त्यांची तयारी नव्हती. हे वाचताना आम्हाला आपल्याच समाजातले काही चेहरे आठवले. नोकरी लागली, फ्लॅट झाला, आणि मग चौदा एप्रिललाच वस्तीत दिसणारे.

१९१३ मध्ये वायएमसीएची काळ्यांसाठीची वेगळी इमारत झाली आणि लॉसन यांची मदत थांबली. त्याच वर्षी वेल्स शिकागोच्या नगर न्यायालयात परिवीक्षा अधिकारी झाल्या. (बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला पोहोचले तेही याच वर्षी.) महिन्याचा पगार दीडशे डॉलर, आणि तो लीगवरच खर्च व्हायचा. न्यायालयाने त्यांच्या देखरेखीखाली सोडलेल्यांनी हजेरी द्यायची ती वाचनालयात येऊन. हजेरी तीच, पण तिच्याबरोबर वर्तमानपत्र होतं, कामाची चौकशी होती आणि ओळखीचं माणूस होतं. काही वर्षांत राजकारण बदललं आणि ही नोकरी गेली.

जुलै १९१९ मध्ये मिशिगन सरोवरात युजीन विल्यम्स हा सतरा वर्षांचा काळा मुलगा, पोहताना गोऱ्यांच्या बाजूला गेला म्हणून झालेल्या दगडफेकीत बुडून मेला. पोलिसाने दगड मारणाऱ्याला पकडलं नाही. दंगलीत ३८ जण मेले, त्यातले २३ काळे. हल्ल्यांत पुढे होती ती गोऱ्या पोरांची टोळकी. त्यांचे ॲथलेटिक क्लब होते आणि राजकारण्यांचा त्यांना आश्रय होता. त्यांना कुणी बिघडलेली पोरं म्हणून हजेरीला लावलं नव्हतं. काळ्यांच्या घरांवर बाँब पडत असताना वेल्स यांनी आधीच वृत्तपत्राला पत्र लिहून शहराला सावध केलं होतं.

१९२० मध्ये पैशांअभावी लीग बंद पडली. वेल्स थांबल्या नाहीत. १९३० मध्ये त्या राज्याच्या सिनेटची निवडणूक लढल्या आणि हरल्या. २५ मार्च १९३१ रोजी त्यांचं निधन झालं. आत्मचरित्र अर्धवट राहिलं, ते त्यांची मुलगी अल्फ्रेडा डस्टर यांनी १९७० मध्ये छापून आणलं. त्यात स्टेट स्ट्रीटच्या दिवसांविषयी बरंच आहे. ज्यांना वस्तीत अभ्यासिका काढायची आहे त्यांनी मिळवून वाचावं.