बिनघोड्याचा सरदार

मेकॅनिकलच्या व्हायवात मी एक प्रश्न हमखास विचारतो. पहिली मोटारगाडी कोणी बनवली? कार्ल बेंझ, हे उत्तर झटकन येतं. मग विचारतो, आणि सायकल? इथे समोरचा खिडकीबाहेर बघायला लागतो. खरं तर हे दुसरं नावही कार्लच आहे. कार्ल ड्राइस! दोघांचाही संबंध जर्मनीतल्या कार्ल्सरुह आणि मानहाइम या शहरांशी. पण एकाचं नाव आजही गाड्यांवर झळकतं आणि दुसऱ्याचं हयातभर हसंच झालं. आजची गोष्ट त्या दुसऱ्याची.

ड्राइस जन्मला २९ एप्रिल १७८५ रोजी, कार्ल्सरुहमध्ये. घराणं सरदारांचं. वडील न्यायाधीश, पुढे बाडेन संस्थानच्या सर्वोच्च न्यायालयाचे प्रमुख झाले. मुलगा वनखात्यात लागला. मधल्या काळात हायडेलबर्गला जाऊन गणित, पदार्थविज्ञान आणि स्थापत्य शिकून आला. नोकरी सरकारी, पगार पक्का, पण याचं डोकं यंत्रांत! १८११ मध्ये त्याला कामातून मोकळीक मिळाली, पगार मात्र चालू राहिला. आपल्या भाषेत सांगायचं तर भरपगारी स्टडी लीव्ह.

या रजेत त्यानं १८१३ मध्ये माणसाच्या बळावर चालणारी चारचाकी केली. बाडेन सरकारनं तिचे हक्क द्यायला नकार दिला. १८१४-१५ मध्ये व्हिएन्नाला सगळ्या युरोपचे राजे वाटाघाटींसाठी जमले होते, तिथेही हा गाडी घेऊन पोचला. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. बाहेर घोडे उभे असताना माणसानं कशाला गाडी रेटायची?

मग निसर्गानंच हिशेब बदलला. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि त्यामुळे १८१६ साली युरोपात धड उन्हाळाच आला नाही. पिकं बुडाली, ओट महागले. माणसांनाच खायला नाही तिथे घोड्यांना कुठून घालणार? या टंचाईतूनच ड्राइसला दोन चाकांची कल्पना सुचली असं काही इतिहासकार मानतात, काहींना ते पटत नाही. ते काही असो, १८१७ मध्ये त्यानं जे यंत्र काढलं त्याला दाणावैरण लागत नव्हती, हे नक्की.

यंत्र लाकडी, वजन साधारण २२ किलो. एकामागे एक दोन चाकं, त्यांना लोखंडी धाव, ॲक्सलला पितळी बुश, मागच्या चाकाला दोरीनं ओढायचा ब्रेक. पेडल नाही, चेन नाही. सीटवर बसायचं आणि जमिनीला पाय मारत सुटायचं. खरी अक्कल होती पुढच्या चाकात, कारण ते वळायचं. गाडी ज्या बाजूला कलते त्या बाजूला हँडल वळवलं की चाकं पुन्हा अंगाखाली येतात. आजच्या सायकलीचं गणितही तेच आहे. (तोल गायरोस्कोपमुळेच राहतो असं ठोकून देणाऱ्यांसाठी : गायरोस्कोपचा परिणाम रद्द केलेली सायकलसुद्धा आपोआप तोल सांभाळू शकते, हे डेल्फ्ट आणि कॉर्नेलच्या संशोधकांनी २०११ मध्ये करून दाखवलं आहे.)

१२ जून १८१७ रोजी ड्राइस मानहाइमहून श्वेत्झिंगेनच्या रस्त्याला लागला. वाटेतल्या टपालगाड्यांच्या ठाण्यापर्यंत गेला आणि परत आला. जायचे सुमारे ७ किलोमीटर, यायचे ७. वेळ जेमतेम तासभर. टपालगाडीपेक्षाही लवकर! १२ जानेवारी १८१८ रोजी बाडेनकडून दहा वर्षांचे हक्क मिळाले, प्राध्यापक ही पदवी मिळाली, पेन्शनही मिळालं. पण बाडेनबाहेर भराभर नकला निघाल्या. लंडनच्या डेनिस जॉन्सन या गाड्या बनवणाऱ्या कारागिरानं तर त्याच वर्षाअखेर स्वतःच्या नावानं पेटंट घेतलं.

आता गंमत बघा. रस्ते होते घोडागाड्यांनी चाकोऱ्या पाडलेले. चाकोरीत दोन चाकांवर तोल राहीना, म्हणून लोक फूटपाथवर चढले. पायी चालणारे वैतागले. डिसेंबर १८१७ मध्ये खुद्द मानहाइमनं फूटपाथवर या यंत्राला बंदी घातली. मग मिलान, लंडन, न्यूयॉर्क आणि १८२० मध्ये आपल्याकडचं कलकत्तासुद्धा! म्हणजे रस्त्यावर चालवता येत नाही आणि फूटपाथवर चालवू देत नाहीत. शिवाय व्यंगचित्रकारांना आयतं खाद्य मिळालं. भल्या घरचा माणूस, आणि घोड्याचं काम स्वतः करतोय!

हे वाचताना मला फार परकं वाटलं नाही. गेली दोन वर्षं घर ते कॉलेज हे ७ किलोमीटर मी कारऐवजी सायकलनं येतो. चढाची धाप महिनाभरात संपली. पावसाला रेनकोट आहे. वेळ जास्त लागतो तो फार तर दहा मिनिटं, आणि सिग्नलला गर्दी असली तर तोही नाही. संपत नाही ते बाकीचं. शेजारच्या वहिनींनी आमच्या सौ.ला हळूच विचारून घेतलं, गाडी विकावी लागली का म्हणून. गेटवर नवीन आलेल्या मामांनी माझ्यापुढच्या कारला सलाम ठोकला आणि मला थांबवून आयकार्ड मागितलं. आणि रस्त्यात सायकलला जागा कुठे, तर पार्क केलेल्या गाड्या आणि गटार यांच्यामध्ये. दोनशे वर्षांत यंत्र कुठल्या कुठे गेलं, पण दोन प्रश्न जागच्या जागी राहिले. एक रस्ता आणि दुसरी इभ्रत.

ड्राइसला या दुसऱ्या प्रश्नानं फार छळलं. त्यात १८१९ मध्ये एका विद्यार्थ्यानं कोत्सेबू या नाटककाराचा मानहाइममध्ये राजकीय वैरातून खून केला. त्या विद्यार्थ्याला देहदंड झाला. माफी नाकारणारे न्यायाधीश म्हणजे ड्राइसचे वडील, आणि लोकांचा राग निघाला मुलावर. १८२२ मध्ये तो जमीनमोजणीच्या कामावर थेट ब्राझीलला गेला, १८२७ मध्ये परतला. डोकं काही स्वस्थ बसलं नाही. टाइपरायटर, कागदी पट्टीवर लघुलिपी उमटवणारं यंत्र, कमी लाकडात पेटणारी चूल, एक ना दोन. पैसा कशातूनच सुटला नाही.

१८४९ साली बाडेनमध्ये क्रांती झाली आणि या माणसानं आपली सरदारकी जाहीरपणे टाकून दिली. यापुढे फक्त नागरिक कार्ल ड्राइस! ज्या इभ्रतीवरून जग त्याला हसत होतं ती त्यानं स्वतःच उतरवून ठेवली. पण प्रशियाच्या फौजांनी क्रांती चिरडली. त्याचं पेन्शन क्रांतीच्या खर्चापोटी जप्त झालं, त्याला वेडा ठरवून डांबायचेही प्रयत्न झाले. १० डिसेंबर १८५१ रोजी तो कार्ल्सरुहमध्ये वारला. खिशात काही उरलं नव्हतं.

तेव्हा तिथून जवळच एक सात वर्षांचा पोरगा राहत होता, कार्ल बेंझ. पुढे १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये ड्राइसच्या यंत्राला पेडल लागलं. १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये स्टार्लीची रोव्हर आली, मागच्या चाकाला चेन असलेली, आपली नेहमीची सायकल. आणि १८८६ मध्ये बेंझची तीनचाकी मोटार रस्त्यावर आली ती त्याच मानहाइममध्ये. तारांचे स्पोक, चेन, नळ्यांची फ्रेम, हा सगळा माल सायकलवाल्यांच्या कारागिरीतला. म्हणजे मोटार ही सायकलची धाकटी बहीण आहे. मोठ्या बहिणीला कमी लेखायचं कारण नाही! १८९० च्या दशकात जर्मन सायकलस्वारांनी ड्राइसचं कार्ल्सरुहमध्ये स्मारक उभारलं. त्याला जाऊन तेव्हा चाळीस वर्षं होऊन गेली होती.

मुलांनो, हॉस्टेलच्या मागच्या शेडमध्ये हवा गेलेल्या सतरा सायकली उभ्या आहेत, मी मोजल्या आहेत. मेसपासून क्लासपर्यंत आणि शनिवारी गावात जायला त्या अगदी पुरेशा आहेत. पंप, पंक्चरचं सोल्युशन आणि पान्हे वर्कशॉपमध्ये माझ्या टेबलाखाली असतात. चार वाजल्यानंतर कधीही या.