सोळाव्या वर्षातील बलिदान : हुतात्मा शिरीषकुमार

नंदुरबार शहराच्या भर बाजारपेठेत, माणिक चौकात हुतात्मा स्मारक आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी पोलिसांच्या गोळीबारात बळी पडलेल्या पाच मुलांची आठवण ते जपते. त्यांत शिरीषकुमार मेहता हे नाव महाराष्ट्रभर पोहोचले.

शिरीषकुमारचा जन्म २८ डिसेंबर १९२६ चा. वडील पुष्पेंद्र, आई सविता. घर गुजराती व्यापारी, पण मराठी मुलखात रुजलेले. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते आणि जिल्ह्याचा कारभार धुळ्याहून चाले. पूर्व खानदेशातील फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले, तेव्हा शिरीषकुमार दहा वर्षांचा होत होता. स्वातंत्र्याचे वारे खेडोपाडी पोहोचण्याच्या या काळात तो वाढला.

१९४२ साली दुसरे महायुद्ध भारताच्या सीमेपर्यंत येऊन ठेपले होते. जपानी फौजांनी ब्रह्मदेश घेतला होता. अशा वेळी ८ ऑगस्टला मुंबईत ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच नेत्यांची धरपकड सुरू झाली. नेते तुरुंगात गेल्याने ठिकठिकाणी चळवळीची धुरा विद्यार्थ्यांच्या खांद्यावर आली. नंदुरबारही त्याला अपवाद नव्हते.

या घटनेला महिना झाला त्या दिवशी, ९ सप्टेंबरला, शहरातून मुलांची मिरवणूक निघाली. शिरीषकुमारच्या हाती तिरंगा होता आणि घोषणा त्याच्या मातृभाषेत, गुजरातीत होत्या. पोलिसांनी मिरवणूक अडवली. मुलींवर रोखलेली बंदूक पाहून तो पुढे सरसावला, असे आजही सांगितले जाते. गोळ्या लागून तो कोसळला. लालदास, धनसुखलाल, शशिधर केतकर आणि घनश्यामदास हे त्याचे साथीही हुतात्मा झाले.

पुढे पाच वर्षांच्या आत देश स्वतंत्र झाला. शिरीषकुमार असता तर त्या दिवशी वीस वर्षांचा असता. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा होऊन नंदुरबार स्वतंत्र जिल्हा झाला. शिरीषकुमारची कथा आज शाळाशाळांतून सांगितली जाते. उरलेल्या चौघांची नावे मात्र क्वचितच कोणाच्या ओठी येतात. बलिदान पाचही जणांचे सारखेच होते. पाचही नावे एका दमात घेतली गेली, तरच त्या दिवसाची आठवण पुरी होईल.