रेचल कार्सन : फवारणीनंतरच्या विषाचा माग काढणारी शास्त्रज्ञ

रेचल कार्सन यांचा जन्म २७ मे १९०७ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात झाला. १९३२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून त्यांनी प्राणिशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली. पुढे त्यांनी सरकारी मत्स्य विभागात नोकरी केली. समुद्रावरील पुस्तकांना यश मिळाल्यावर १९५२ मध्ये त्या पूर्णवेळ लेखनाकडे वळल्या.

तो डीडीटीचा काळ होता. डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधणाऱ्या पॉल म्युलर यांना १९४८ मध्ये नोबेल मिळाले होते. शेतांवर, जंगलांवर विमानातून फवारणी होई. १९५८ मध्ये एका मैत्रिणीने पत्रातून फवारणीनंतर पक्षी मेल्याचे कळवले. कार्सन यांनी पुढील चार वर्षे पुरावे गोळा केले.

क्लिअर लेकचे उदाहरण

कॅलिफोर्नियातील क्लिअर लेक या तलावात चिलटे मारण्यासाठी डीडीटीच्याच गटातील डीडीडी टाकले गेले. प्रमाण अत्यल्प होते : पाच कोटी भाग पाण्यात एक भाग, म्हणजे ०.०२ पीपीएम. तरीही टिबुकलीच्या कुळातील ग्रीब पक्षी मेले. तपासणीत सूक्ष्म प्लवकांत सुमारे ५ पीपीएम, तर ग्रीबच्या चरबीत १,६०० पीपीएम विष आढळले. हे रसायन लवकर विघटित होत नाही आणि चरबीत साठते. त्यामुळे प्लवक, मासे, पक्षी अशा अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर ते वाढत गेले.

टीका आणि परिणाम

१९६२ मध्ये त्यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ प्रसिद्ध झाले. रसायन उद्योगाने कडाडून टीका केली. त्या वेळी कार्सन कर्करोगाशी झुंजत होत्या, पण त्यांनी आजार लोकांसमोर येऊ दिला नाही. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार समितीने त्यांच्या मुद्द्यांना दुजोरा दिला. १४ एप्रिल १९६४ रोजी, ५६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९७२ मध्ये अमेरिकेत डीडीटीच्या शेतीतील वापरावर बंदी आली. भारतात १९८९ मध्ये शेतीसाठी तो बंद झाला. डास नियंत्रणासाठी मर्यादित वापर राहिला.

आपल्यासाठी धडा

कार्सन यांनी सर्वच कीडनाशकांवर बंदी मागितली नव्हती. परिणाम न जाणता केलेल्या सरसकट फवारणीला त्यांचा विरोध होता. म्हणून किडीने आर्थिक नुकसान पातळी ओलांडल्यावरच, लेबलवर त्या पिकासाठी शिफारस असलेले औषध योग्य मात्रेत वापरावे. काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी पाळावा. पंप विहीर, ओढा किंवा शेततळ्यात धुऊ नये.