पॅरी-थॉमस आणि वाळूत पुरलेली मोटार

नाना पेठेत मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानांवरून जाताना गॅरेजमध्ये मिस्त्रीच्या हाताखाली काम करणारी मुले दिसतात. त्यांपैकी एखादा कधीकाळी माझ्या वर्गात बसलेला असतो. हातातला पाना खाली ठेवून तो सलाम करतो आणि ओशाळतो. त्याने ओशाळण्याचे काहीच कारण नाही. वाईट वाटते ते त्याचे पुस्तक मिटले याचे. पान्याने काळे झालेले हात आणि पुस्तक, ही दोन्ही ज्याने अखेरपर्यंत सोडली नाहीत, अशा एका इंजिनिअरची हकीकत आज सांगावयाची आहे.

जॉन गॉडफ्रे पॅरी-थॉमस यांचा जन्म १८८४ साली वेल्समधील रेक्सम येथे झाला. वडील पाद्री होते. ऑस्वेस्ट्री येथे शालेय शिक्षण झाल्यावर त्यांनी लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स कॉलेजात इंजिनिअरिंगचा अभ्यास केला. पुढे लेलँड मोटर्स या प्रसिद्ध कारखान्यात ते मुख्य इंजिनिअर झाले. तेथे त्यांनी आठ सिलिंडरची 'लेलँड एट' ही अत्यंत महागडी गाडी तयार केली व ती १९२० मध्ये लोकांपुढे आली. गाडी उत्तम होती, पण किंमत अशी की गिऱ्हाइके बोटांवर मोजण्याइतकीच मिळाली.

आता अशा मोठ्या हुद्द्याची नोकरी कोण सोडील? थॉमस यांनी सोडली. लंडनजवळ ब्रुकलँड्स येथे १९०७ साली खास मोटारींच्या शर्यतीसाठी बांधलेला मार्ग होता. त्या मार्गाच्या आतच एका लहान घरात ते राहू लागले. दिवसा गाडी चालवायची, तिच्यातील उणीव ओळखायची, मग ती खोलून दुरुस्त करायची असा त्यांचा क्रम. इतर बरेच शर्यतवाले श्रीमंत घरचे होते व गाडीचे काम मेकॅनिककडून करवून घेत. थॉमस यांचा आराखडाही स्वतःचा आणि स्टिअरिंगवरचा हातही स्वतःचा.

१९२४ च्या ऑक्टोबरात इटलीतील मोंझा येथे काउंट लुई झ्बोरोव्स्की हे शर्यतपटू अपघातात मरण पावले. त्यांनी एक प्रचंड गाडी बांधून ठेवली होती. ती थॉमस यांनी अवघ्या १२५ पौंडांत विकत घेतली. तिच्यात पहिल्या महायुद्धातील 'लिबर्टी' हे अमेरिकन विमानाचे इंजिन होते. बारा सिलिंडर, इंग्रजी व्ही अक्षराप्रमाणे सहा-सहांच्या दोन रांगा आणि आकारमान २७ लिटर! आपल्याकडील साध्या चारचाकीचे इंजिन सव्वा लिटरच्या आसपास असते, यावरून कल्पना यावी. युद्ध संपल्यावर अशी हजारो इंजिने शिल्लक पडली व स्वस्त झाली. इतके बळ मोटारीच्या कारखान्यात कोठेच तयार होत नव्हते. हेच इंजिन बसविलेली डी. एच. ९-ए विमाने त्या काळी आपल्या वायव्य सरहद्दीवर उडत होती.

थॉमस यांनी इंजिनाला चार नवे कार्ब्युरेटर लावले, पिस्टन स्वतःच्या आराखड्याप्रमाणे बनविले आणि गाडीला 'बॅब्स' असे लाडके नाव दिले. मागची चाके फिरत ती सायकलप्रमाणे साखळीने. वेल्समध्ये पेंडाइन येथे सुमारे सात मैल लांब समुद्रकिनारा आहे. ओहोटीनंतर तेथील ओली वाळू घट्ट बसते. विक्रम मान्य होण्यासाठी एकदा जाऊन पुन्हा उलट दिशेने यावे लागे व दोन्ही वेगांची सरासरी धरली जाई, म्हणजे वाऱ्याचा फायदा मिळू नये. २७ एप्रिल १९२६ रोजी थॉमस यांनी ताशी १६९.३० मैलांचा जागतिक विक्रम केला. दुसऱ्याच दिवशी तो १७१.०२ मैलांवर नेला. म्हणजे ताशी सुमारे २७५ किलोमीटर.

फेब्रुवारी १९२७ मध्ये त्याच किनाऱ्यावर माल्कम कँपबेल यांनी 'ब्लू बर्ड' गाडीतून ताशी १७४ मैलांची मर्यादा ओलांडली. तिच्यातही विमानाचेच इंजिन होते. थॉमस महिनाभरात पुन्हा पेंडाइनला आले. ३ मार्च १९२७ रोजी भरधाव वेगात बॅब्स उलटली आणि थॉमस जागीच ठार झाले. वय अवघे ४२. ब्रुकलँड्सजवळ बायफ्लीट येथे त्यांचे दफन झाले. मोडकी गाडी किनाऱ्याच्या वाळूतच पुरण्यात आली. त्याच महिन्याच्या २९ तारखेला अमेरिकेत हेन्री सेग्रेव्ह यांनी, दोन विमानी इंजिने असलेल्या सनबीम गाडीतून, २०३ मैलांपलीकडे मजल मारली.

साखळी तुटून थॉमस यांना लागली, असे पुष्कळ वर्षे सांगितले जाई. १९६९ साली ओवेन विन ओवेन या इंजिनिअरिंगच्या अध्यापकांनी परवानगी मिळवून ती गाडी वाळूतून बाहेर काढली. (शिक्षकाने हे केले, याचा मला थोडा अभिमान वाटतो, हे कबूल करतो.) ४२ वर्षांच्या गंजातून एकेक भाग सोडवीत त्यांनी ती कित्येक वर्षे खपून पुन्हा उभी केली. भागांच्या तपासणीवरून उजव्या बाजूचे मागचे चाक आधी निकामी झाले असावे असे दिसून आले. तेव्हा साखळीवरचा इतक्या वर्षांचा ठपका बहुधा चुकीचाच. बॅब्सचे इंजिन आज पुन्हा सुरू होते आणि पेंडाइनच्या संग्रहालयात ती वर्षातील काही काळ ठेवलेली असते.

पेंडाइन आपल्याला दूर आहे. परंतु अहिल्यानगर, म्हणजे आपले जुने नगर, एस. टी.ने एका दिवसात पाहून परतण्याजोगे आहे. तेथील रणगाडा संग्रहालयात सेंच्युरियन रणगाडा उभा आहे. त्या रणगाड्याचे 'मीटिअर' इंजिन हे 'मर्लिन' या विमानाच्या इंजिनावरूनच तयार केलेले आहे, आणि योगायोग असा की तेही २७ लिटरचेच. सहलीला गेलात तर मागच्या बाजूने जाऊन नीट पाहा, इंजिन तिकडेच असते.